इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी वर्गाबाहेर काय काय करू शकतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत बी.ए.ला स्पेशल इंग्लिश घेतलेल्या किंवा एम.ए. इंग्लिश करणाऱ्या मुलामुलींसाठी हे पान आहे. दरवर्षी प्रवेश आटोपले की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही वर्गात विचारले जातात, बरेचसे तास संपल्यावर व्हरांड्यात, हळू आवाजात. त्यांची उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून ती इथे लिहिली आहेत.

मी मराठी माध्यमातून आले आहे. इंग्रजी बोलताना अडखळते. हे सगळं माझ्यासाठी आहे का?

हो, आणि कदाचित इतरांपेक्षा जास्तच. विंदा करंदीकर मुंबईच्या कॉलेजांत इंग्रजी शिकवत, जी. ए. कुलकर्णी धारवाडला, तर भालचंद्र नेमाडे औरंगाबाद, गोवा अशा ठिकाणी. यातल्या दोघांना त्यांच्या मराठी लेखनासाठी ज्ञानपीठ मिळालं, विंदांना २००३ चं आणि नेमाड्यांना २०१४ चं. दिलीप चित्रे आणि अरुण कोलटकर तर दोन्ही भाषांत कवी होते. इंग्रजीचं वाचन आणि घरची मराठी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे या माणसांनी करून दाखवलं आहे. तुम्ही ज्या घरातून आलात तिथल्या ओव्या, म्हणी, भांडणं, आजीच्या बोलण्याची ढब, यातलं काहीही महानगरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला विकत मिळत नाही. उच्चार सुधारतात, शब्दसंग्रह वाढतो. कानात मुरलेली दुसरी भाषा मात्र नंतर आणता येत नाही. ती तुमच्याकडे आधीच आहे, आणि या पानावरच्या बहुतेक कामांना तीच लागते.

आमच्या कॉलेजात काहीच होत नाही. सुरुवात कुठून करू?

पाच जण जमवा. वाचनगटाला परवानगी लागत नाही आणि निधीही लागत नाही. आठवड्यातला एक वार आणि एक तास ठरवा, त्या तासाला एकच कविता किंवा एकच छोटी कथा घ्या. कोणीतरी ती मोठ्याने वाचायची. मग प्रत्येकाने एकच सांगायचं, कुठली ओळ अडली किंवा कुठली आवडली, आणि का. कवीचं चरित्र, 'थीम', गाईडमधला सारांश त्या तासापुरते बाजूला. गाईड बंद असलं की पहिले दोन-तीन आठवडे खोलीत शांतता पसरते. घाबरू नका. चौथ्या आठवड्याला कोणीतरी एका स्वल्पविरामावरून वाद घालतं आणि तिथून गट चालू लागतो. मी हे तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलेजात पाहिलं आहे, बारा मुलांच्या वर्गात. एक वही ठेवा, दर वेळी एकाने टिपण लिहायचं. पुढे शोधनिबंधाचे विषय याच वहीत सापडतात.

दुसरी गोष्ट भित्तीपत्रक. मोठा ड्रॉइंग पेपर, स्वच्छ अक्षर आणि महिन्याला एक विषय एवढ्यावर ते चालतं. लिहिलेलं चार अनोळखी माणसं उभी राहून वाचताना पाहणं हे लेखकाचं पहिलं शिक्षण आहे. कॉलेजचा वार्षिकांक असतोच. त्याच्या इंग्रजी विभागाला दरवर्षी मजकूर कमी पडतो आणि शेवटी इंटरनेटवरून उतरवलेले सुविचार छापले जातात. तुम्ही ऑगस्टमध्येच संपादक प्राध्यापकांना भेटून 'सर, इंग्रजी विभागाचं काम मी करू का?' असं विचारलंत तर नकार मिळण्याची शक्यता फार कमी. मजकूर मागवणं, निवडणं, लेखकाला न दुखावता कापणं, मुद्रितं तपासणं ही सगळी कामं तिथेच शिकायला मिळतात.

युवा महोत्सवात इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना काय असतं?

वक्तृत्व, वादविवाद आणि प्रश्नमंजूषा. विद्यापीठाच्या युवा महोत्सवातून राज्यातल्या विद्यापीठांच्या 'इंद्रधनुष्य'मध्ये आणि भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवात जाता येतं. संघाच्या वक्तृत्व स्पर्धेत इंग्रजी किंवा हिंदीत पाच मिनिटं बोलायचं असतं, आणि विषय अगदी थोडा वेळ आधी हातात पडतो. पाठ केलेलं भाषण तिथे उपयोगी पडत नाही. रोज कुठल्याही एका शब्दावर घड्याळ लावून तीन मिनिटं बोलायचा सराव करा. नाटकाची ओढ असेल तर एकांकिका स्पर्धांकडेही जा. तिथली भाषा बहुतेक मराठी असते, पण शेक्सपिअरचा एक प्रवेश बसवताना जे कळतं ते वर्गातल्या सहा तासांत कळत नाही.

'आविष्कार' फक्त सायन्सवाल्यांसाठी असतं ना?

नाही. हा गैरसमज इतका घट्ट बसला आहे की अनेक कॉलेजांत कला शाखेपर्यंत सूचनाच पोहोचत नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या या संशोधन स्पर्धेत मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला यांचा स्वतंत्र गट आहे. पदवी, पदव्युत्तर आणि त्यापुढचे विद्यार्थी वेगवेगळ्या पातळ्यांवर भाग घेतात. आधी पोस्टर मांडायचं आणि परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं, निवड झाली तर पुढे व्यासपीठावर सादरीकरण.

विषय निवडताना बहुतेक जण 'अमुक कादंबरीतील स्त्रीवाद' इथे अडकतात. तो विषय परीक्षकांनी शंभरदा ऐकलेला असतो, आणि त्यात तुम्ही स्वतः काही शोधलेलं नसतं. त्याऐवजी हे पाहा. एकाच अभंगाची दोन-तीन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून कुठल्या अनुवादकाने काय सोडलं ते तपासा. गावातल्या बाजारपेठेतल्या शंभर पाट्या टिपून त्यांतलं देवनागरीत लिहिलेलं इंग्रजी कसं वागतं ते पाहा. तुमच्या जुन्या नगर वाचनालयाची दाखल-नोंदवही मागून घ्या आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिथे कुठल्या इंग्रजी कादंबऱ्या आल्या, त्यांतल्या किती वाचल्या गेल्या ते मोजा. किंवा १८५५ साली 'ज्ञानोदय' नियतकालिकात आलेला मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध घ्या. चौदा वर्षांच्या मुलीने लिहिलेल्या त्या मजकुरातला संताप इंग्रजीत कितपत उतरतो? हे विषय तुमच्या गावातून, तुमच्या भाषेतून उगवतात आणि म्हणूनच ते संशोधन ठरतात.

सेमिनारमध्ये पेपर वाचायचा आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला वाचू देतात का?

विभागीय आणि राज्य पातळीवरच्या अनेक सेमिनारमध्ये देतात. काही ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी वेगळं सत्रच असतं. आधी गोषवारा पाठवावा लागतो, साधारण २५० ते ३०० शब्दांचा. त्यात तीन गोष्टी हव्यात: तुम्ही नेमकं काय वाचलं, त्यात तुम्हाला कुठला प्रश्न पडला, आणि तुमचं उत्तर कुठल्या दिशेने जातं. 'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य पहिल्या ओळीत असेल तर ते खोडा आणि दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करा.

वाचायला मिळतात पंधरा मिनिटं, प्रत्यक्षात कधी दहाच. म्हणजे फार तर दोन हजार शब्द. तेवढाच मजकूर न्या, घरी आरशासमोर नाही तर मित्रासमोर वाचा. संदर्भ देण्याची पद्धत पहिल्या पेपरपासूनच शिस्तीने पाळा. इंग्रजी विभागांत बहुधा एमएलए शैली चालते, तिच्या हँडबुकची नववी आवृत्ती २०२१ ची आहे. आणि आपलं सत्र संपल्यावर जेवणाकडे पळू नका. इतरांची सत्रं ऐका, एक तरी प्रश्न विचारा. मला आयुष्यभर पुरलेली दोन-तीन मैत्र अशा प्रश्नांतूनच जुळली.

एका जर्नलने 'तीन दिवसांत छापून देतो, फक्त फी भरा' असा मेसेज पाठवला आहे. पाठवू का?

नका पाठवू. खरं जर्नल तुमचा लेख जाणकारांकडून तपासून घेतं, आणि त्याला आठवडे किंवा महिने लागतात. 'आयएसएसएन आहे' असं सांगतील. तो फक्त नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक असतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही. पूर्वी लोक यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या जर्नलांची, यादी दाखवायचे. ती यादी आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, आता जर्नल पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि लिहिणाऱ्यांवर आहे. तेव्हा स्वतः पारखा. मागचे दोन अंक उघडून वाचा. संपादक मंडळातली माणसं त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सापडतात का पाहा. एकाच अंकात कविता, कॉम्प्युटर आणि कुक्कुटपालन शेजारी शेजारी असतील तर तिथून उठा.

माझ्या ओळखीच्या एका गुणी मुलीने शिष्यवृत्तीच्या पैशांतून अशी फी भरली. तिचा लेख खरोखर चांगला होता. छापून आल्यावर तो दुसरीकडे कुठे देता येईना आणि छापला होता तिथे तो कोणी वाचेना. पैशांपेक्षा त्या लेखाचं वाईट वाटतं. बी.ए., एम.ए.ला छापील शोधनिबंध असलाच पाहिजे असा दबाव कोणी आणत असेल तर तो मनावर घेऊ नका.

भाषांतर करायची इच्छा आहे. कसं सुरू करू?

या पानावरचं एकच काम करा असं मला सांगायचं झालं तर मी हेच सांगेन. इंग्रजी साहित्य वाचायला शिकलेला आणि घरी मराठी बोलणारा माणूस ज्या जागेवर उभा असतो तिथून दोन्हीकडचं दिसतं. १९९४ साली साहित्य अकादमीने दिलीप चित्र्यांना मराठी कवितेसाठी मुख्य पुरस्कार दिला आणि तुकोबांच्या इंग्रजी भाषांतरासाठी अनुवाद पुरस्कारही, एकाच वर्षी. अनुवादाचे हे पुरस्कार अकादमीने १९८९ पासून सुरू केले. दोन भाषांत राहणं म्हणजे दोन्हीकडे अर्धवट असणं नव्हे, याचा मला याहून मोठा दाखला माहीत नाही.

सुरुवात छोट्या मजकुराने करा, हजार-दीड हजार शब्दांची कथा पुरे. आधी ती मोठ्याने वाचा. मग कुठेही न थांबता कच्चा खर्डा करा, अडलेले शब्द मराठीतच राहू द्या. आठ दिवस तो बाजूला ठेवा. पुन्हा उघडाल तेव्हा खऱ्या अडचणी दिसतील, आणि त्या शब्दकोशातल्या नसतात. समजा कथेत एक बाई वीस वर्षं नवऱ्याला 'अहो' म्हणते आणि शेवटच्या प्रसंगात तिच्या तोंडून 'अरे' निघून जातं. अख्खी कथा त्या एका अक्षरावर फिरते. इंग्रजीत दोन्ही वेळा एकच सर्वनाम. मग हा बदल कुठे दाखवाल? तिच्या वाक्याच्या लांबीत, की आधीच्या वीस वर्षांत ती नवऱ्याचं नाव कधीच घेत नाही यात? 'ओटी भरणं', 'उंबरठा', 'माहेर' यांच्याशी असंच झगडावं लागतं. तळटीप देऊन सुटका करून घेण्याआधी तीन-चार वाटा कागदावर मांडून बघा. शेवटी मराठी न येणाऱ्या एखाद्या वाचकाला खर्डा द्या आणि तो कुठे थांबतो ते पाहा.

हक्कांचं काय? लेखकाची परवानगी घ्यावी लागते का?

घरी सरावासाठी करताना नाही. छापायचं किंवा इंटरनेटवर टाकायचं असेल तर हो, आणि लेखीच. भाषांतराचा हक्क मूळ लेखकाकडे, त्याच्या पश्चात वारसांकडे असतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षं धरायची, त्यानंतर मजकूर सगळ्यांसाठी खुला होतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांचं २०१७ पासून. हयात लेखकांना साधं पत्र लिहा: मी कोण, कुठली कथा, कुठे पाठवणार, सोबत पहिली दोन पानं. मराठी लेखक अशा पत्रांना बहुधा आपुलकीने उत्तर देतात. एक लक्षात ठेवा, मूळ पुस्तक खुलं झालं तरी त्याचं आधीचं भाषांतर त्या अनुवादकाचं असतं. त्यातली वाक्यं उचलता येत नाहीत.

लिहिलेलं कुठे पाठवायचं?

साहित्य अकादमीचं 'इंडियन लिटरेचर' १९५७ पासून निघतं आणि त्यात भारतीय भाषांतल्या लेखनाची इंग्रजी भाषांतरं येतात. 'म्यूज इंडिया' आणि 'द बॉम्बे लिटररी मॅगझिन' इंटरनेटवर आहेत. पाठवण्याआधी त्यांचे अंक वाचा, नाहीतर नकार ठरलेला. इंग्रजीत कविता-कथा लिहिणाऱ्या तिशीच्या आतल्यांसाठी बंगळूरच्या टोटो फंड्स द आर्ट्सचे पुरस्कार आहेत.

कॉमनवेल्थ शॉर्ट स्टोरी प्राइझला प्रवेश फी नाही. अप्रकाशित कथा हवी, दोन ते पाच हजार शब्दांची, आणि इंग्रजीत भाषांतर केलेली कथाही चालते. २०२४ साली सगळ्या राष्ट्रकुल देशांतून पहिली आली ती मुंबईची संजना ठाकूर.

पुस्तकभर विषय डोक्यात असेल तर नॅशनल बुक ट्रस्टमार्फत चालणारी पीएम-युवा योजना बघा. २०२१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तीस वर्षांखालचे ७५ लेखक निवडले गेले आणि त्यांना सहा महिने दरमहा ५०,००० रुपये शिष्यवृत्ती मिळाली. विषय प्रत्येक आवृत्तीला ठरवून दिलेला असतो, लेखन मराठीतही करता येतं.

आणि दिवाळी अंक विसरू नका. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही परंपरा आजही नव्या लेखकाला दार उघडते. एखाद्या परदेशी कथेचा मराठी अनुवाद, इंग्रजी कवीवरचा लेख, असं काही असेल तर ते मे-जूनमध्ये संपादकांकडे जायला हवं. गणपतीत पाठवून उपयोग नसतो.

एम.ए.ला ओजेटी करायची आहे. इंग्रजीवाल्यांनी कुठे जायचं?

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षी चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) किंवा फील्ड प्रोजेक्ट आहे. अनेक मुलं ओळखीच्या क्लासमध्ये जाऊन सही घेऊन येतात. इतक्या तासांची ही संधी अशी घालवू नका. प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधन आणि मलपृष्ठावरचा मजकूर, स्थानिक वर्तमानपत्रात भाषांतर, जुन्या ग्रंथालयात सूचीकरण, स्वयंसेवी संस्थेचा वार्षिक अहवाल इंग्रजीत आणणं, माहितीपटाची उपशीर्षकं, ही सगळी आपलीच कामं आहेत. अर्जाबरोबर तुमचं एक पान भाषांतर जोडा. बायोडाटापेक्षा ते पान बोलतं.

चांगलं ग्रंथालय जवळ नाही. काय करू?

जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत खातं काढून महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध शोधगंगेवर आहेत. ते वाचा, पण चांगला प्रबंध आणि उरकलेला प्रबंध यातला फरक ओळखायला शिका. हक्कमुक्त जुनी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात. स्वयम् या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर साहित्याचे आणि भाषाविज्ञानाचे अभ्यासक्रम फी न भरता करता येतात, फी फक्त परीक्षेची.

मुंबईला येणं झालं तर एक दिवस टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीसाठी काढा. १८०४ साली सुरू झालेली ही संस्था आहे. तिचा जुना संग्रह 'ग्रंथ संजीवनी' या नावाने संगणकावरही आणला आहे, एकोणिसाव्या शतकावर काम करणाऱ्यांना तो खजिनाच. दादरला साहित्य अकादमीचं कार्यालय आहे, तिथले कार्यक्रम सर्वांना खुले असतात आणि समोर बसलेला लेखक चहाच्या वेळी भेटतो. साताऱ्याकडच्यांना भिलार जवळ आहे. पाचगणीजवळचं हे पुस्तकांचं गाव २०१७ पासून वाचकांना घरात बसवून वाचू देतं. पुस्तकं बहुतेक मराठी, आणि तीही तुमच्या अभ्यासाचीच आहेत.

साहित्य महोत्सवांना जाण्यात अर्थ आहे का?

स्वयंसेवक म्हणून जा. मुंबईचा काळा घोडा महोत्सव जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास नऊ दिवस चालतो, प्रवेश मोफत असतो. पुण्यात आणि गोव्यातही महोत्सव होतात. गोव्यातला तुलनेने लहान, म्हणून कोकणी, मराठी, इंग्रजी लेखकांशी निवांत बोलता येतं. खुर्च्या लावणाऱ्या, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणाऱ्या मुलांना मंचामागचं जग दिसतं.

घरबसल्या काही करता येईल?

मराठी विकिपीडिया. २००३ साली सुरू झालेल्या या ज्ञानकोशात जागतिक साहित्यावरचे कितीतरी लेख दोन ओळींचे आहेत. तुम्ही शिकता त्या एका कवीवर नीट संदर्भ देऊन आठशे शब्द लिहिलेत तर गावातल्या दहावीच्या मुलाला तो कवी मराठीत भेटेल. यात नाव होत नाही. तरीही एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने दोन वर्षांत असा एक तरी लेख लिहावा असं मला कळकळीने वाटतं.

चॅटबॉटकडून पेपर लिहून घेतला तर?

तर पेपर त्याचा, तुमचा नाही. प्रश्नोत्तरांत पहिल्या प्रश्नालाच ते उघडं पडतं. शिवाय ही साधनं नसलेली पुस्तकं आणि नसलेली पृष्ठं आत्मविश्वासाने सांगतात. स्वतः उघडून न पाहिलेला संदर्भ कधीही देऊ नका, मग तो कोणीही सांगितलेला असो.

या सगळ्यात मार्क कमी होतील, असं घरचे म्हणतात.

त्यांची काळजी खरी आहे, विशेषतः फी कर्ज काढून भरलेली असेल तर. सगळं करू नका. एका सत्रात एकच काम घ्या, वाचनगट धरून फार तर दोन. परीक्षेआधीचा महिना मोकळा ठेवा. घरी भांडण्यापेक्षा वार्षिकांकात छापून आलेला लेख आईच्या हातात द्या.

शिफारसपत्र मागताना काय लक्षात ठेवू?

किमान तीन आठवडे आधी मागा. ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुमचं काम पाहिलं आहे त्यांच्याकडे जा, पद मोठं म्हणून विभागप्रमुखांकडे नको. सोबत एक पान द्या: कुठे अर्ज करताय, शेवटची तारीख, तुम्ही वाचलेले पेपर, केलेली भाषांतरं, वाचनगटाची ती वही. 'पत्र तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो' असं कोणी म्हटलं तर नम्रपणे मुद्द्यांची यादी द्या आणि मजकूर त्यांनाच लिहू द्या. निकाल काहीही लागला तरी त्यांना कळवा.